शिस्त वेशीपाशी थांबू नये

पदवीधर मित्रमैत्रिणींनो,



तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात अजून अहिराणी ऐकू येते. कुणाचे आजोबा, कुणाचे वडील जळगाव, धुळे, नंदुरबारहून लूमच्या कामासाठी सुरतेत आले. ज्या तापीच्या खोऱ्यातून ते आले, तिच्याच पाण्यावर तुम्ही वाढलात. आज मी त्या पाण्याच्या वरच्या अंगाविषयी बोलणार आहे.

तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून तुमच्या दारी येते. वाटेत तिला मेळघाटातल्या खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्यांचं पाणी मिळतं. १९७४ साली तिथं व्याघ्र प्रकल्प झाला, तो वाघासाठी. पण वाघाच्या निमित्ताने जंगल राहिलं आणि जंगलामुळे पाणी मुरत राहिलं. सुरतेला त्याचा किती आधार आहे, यावर आपण क्वचितच बोलतो.

मेळघाटाच्याच डोंगरावर चिखलदरा हे थंड हवेचं ठिकाण आहे. एप्रिल-मे आला की खाली विदर्भ भाजून निघतो आणि गाड्या घाट चढू लागतात. हॉटेलं भरतात, टाक्या भरतात. नेमक्या त्याच दिवसांत सिपना आटून डोहांपुरती उरते. त्या डोहांवर मासे जगतात, जनावरं पाण्याला येतात. म्हणजे पर्यटकांचा हंगाम आणि पाण्याचा दुष्काळ एकाच वेळी येतात. वर मातीचा पातळ थर, खाली भेगाळलेला कातळ. अशा जागी हॉटेलच्या सांडपाण्यासाठी शोषखड्डा खणला, तर मैला मातीत गाळला जाण्याआधीच भेगांतून खाली उतरतो आणि झऱ्याला लागतो. त्या झऱ्यावर खालच्या पाड्यातली कोरकू आदिवासी बाई हंडा भरत असते. रस्ते आणि इमारतींसाठी डोंगर कापला की सुटी माती पहिल्या पावसात ओढ्याला लागते. या नद्यांचा गाळ शेवटी तापीतच उतरतो. तापीवरच्या, १९७२ साली पुऱ्या झालेल्या उकाई धरणात पाणी किती आणि जागा किती, हा हिशेब ऑगस्ट २००६ च्या पुरानंतर सुरतकरांना वेगळा शिकवावा लागत नाही.

कुणी म्हणेल, तापीच्या प्रदूषणात चिखलदऱ्याचा वाटा तो केवढा? खरं आहे. कारखाने आणि शहरांचं सांडपाणी यांच्यापुढे तो लहानच आहे. पण त्याची झळ सगळ्यात आधी बसते ती डोंगरातल्या पाड्यांना, ज्यांनी हे जंगल कधी विकायला काढलं नव्हतं.

आता तुमच्या हक्काच्या रविवाराकडे येऊ. सापुतारा! अंबिका नदी सापुताऱ्याच्याच डोंगररांगेत, नाशिकच्या सुरगाणा तालुक्यात उगम पावते. सापुतारा ज्या डांग जिल्ह्यात आहे, तिथं पाऊस धो धो पडतो, पण उतार तीव्र आणि कातळ कठीण, त्यामुळे उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टंचाई असते. घाटातल्या एखाद्या वळणावर गाडी थांबवा. भाजलेलं कणीस, चहा, सेल्फी, सगळं छान. मग कठड्यावरून खाली वाकून बघा. वेफर्सच्या पुड्या, थर्माकोलच्या ताटल्या, पाण्याच्या बाटल्या घळीत पडलेल्या असतात. पहिला मोठा पाऊस त्या ओढ्यात लोटतो, ओढा नदीत.

याचं मला विशेष वाईट वाटतं, कारण हे सुरतकर करतात. १९९४ च्या प्लेगनंतर या शहराने स्वतःला अक्षरशः धुऊन काढलं. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिला क्रमांक पटकावला. म्हणजे आपल्याला येत नाही असं नाही. आपण शिस्त वेशीपर्यंत पाळतो आणि घाट लागला की काच खाली करतो.

यावर काय करता येतं हे पाहायचं, तर साताऱ्याजवळचं, फुलांसाठी प्रसिद्ध कास पठार बघा. २०१२ साली ते जागतिक वारशात गेलं आणि फुलांपेक्षा माणसं जास्त दिसू लागली. पठाराला लागूनच कास तलाव आहे, सातारा शहर त्याचं पाणी पितं. तिथं फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घातली, आगाऊ नोंदणी आणि शुल्क लावलं, आणि व्यवस्थेत आसपासच्या गावकऱ्यांना घेतलं. सगळे प्रश्न सुटले असं नाही. पण डोंगराला किती माणसं झेपतात, हा प्रश्न तिथं निदान विचारला गेला.

तो आता तुम्ही विचारायचा आहे. स्थापत्य अभियंता झालेल्यांनी डोंगरावरच्या हॉटेलचा आराखडा करताना सांडपाण्याची वाट आधी काढावी, स्वागतकक्ष मागाहून. वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनी खोलीच्या भाड्यात पाण्याची खरी किंमत धरावी. वकिलांनी परवान्याच्या अटी वाचाव्यात आणि पाळायला लावाव्यात. आणि सगळ्यांनीच, डोंगरावर नेलेला कचरा गाडीतून परत आणावा.

डोंगरावर जरूर जा, पुन्हा पुन्हा जा. फक्त सुरतेत जसं वागता, तसंच तिथंही वागा. पदवीचा तेवढा उपयोग झाला, तरी खालच्या आणि वरच्या, दोन्ही गावांचं भलं होईल.