न पाहणारा नियंत्रक

लाकडावर अक्षरे कोरणारे, ॲक्रिलिकचा पत्रा कापणारे, प्रसंगी ॲल्युमिनियमच्या पट्टीत खाच पाडणारे, आणि हे सारे संगणकाच्या आज्ञेवरून करणारे एक छोटेखानी यंत्र आज हौशी माणसाच्या मेजावर मावते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास सीएनसी यंत्र म्हणतात. त्याचा सांगाडा उभारणे हे काम फारसे अवघड नव्हे. ज्याने लहानपणी सायकल उघडून पुन्हा जोडली आहे, त्याला खांब, दांडे, आटे आणि नट-बोल्ट यांची भाषा कळते. खरी परीक्षा होते ती नियंत्रकाच्या पेटीत. सांगाड्यातील चूक डोळ्यांना दिसते, निदान कानाला तरी ऐकू येते. तारांतील चूक मात्र वीज सुरू होईपर्यंत गप्प बसून राहते.

या यंत्राचे मूळ अमेरिकेतले. हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी लागणारे बिनचूक आकार कसे कापावेत, या अडचणीतून मिशिगन राज्यातील जॉन पार्सन्स या कारखानदाराला आकड्यांनी यंत्र चालविण्याची कल्पना सुचली. १९४९ साली तेथील वायुदलाने तिला पैसा पुरविला, आणि १९५२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून चालणारे मिलिंग यंत्र दाखविले. त्याच्या नियंत्रकात शेकडो निर्वात नळ्या होत्या. त्याच कामासाठी आज तळहाताएवढा आर्डुइनो ऊनो नावाचा फलक पुरतो. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतील इव्हरेआ गावी विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी झाला. त्याच्या ३२ किलोबाइट स्मृतीत मावेल असा जीआरबीएल हा आज्ञासंच २००९ साली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी लिहिला आणि सर्वांना मोफत खुला केला. २०११ पासून सनी जिऑन यांनी तो वाढवून पक्का केला. आज त्याहून नवे आणि वेगवान फलकही मिळतात. पण शिकणाऱ्याच्या हाती बहुधा प्रथम हीच जोडी पडते, आणि तिच्यावर शिकलेली तारजोडणी पुढे कोठेही उपयोगी पडते.

या नियंत्रकाचा स्वभाव आधी ओळखला पाहिजे. बेळगावच्या उद्यमबागेत मोठ्या सीएनसी लेथवर काम केलेल्या कारागिराला ठाऊक असते, की त्या यंत्राच्या मोटरीमागे एन्कोडर असतो आणि मोटर खरोखर किती फिरली याची खबर तो क्षणोक्षणी परत देत असतो. घरगुती यंत्रात असा खबऱ्या बहुधा नसतोच. नियंत्रक स्टेपर मोटरीकडे विजेचे स्पंद धाडतो, ते मोजतो, आणि जितके धाडले तितकी पावले मोटर चालली असे खुशाल गृहीत धरतो. मधे कोरणीचे पाते अडकले, मोटर जागच्या जागी गुरगुरत राहिली, तरी त्याच्या हिशेबात ती पुढेच गेलेली असते. बायबलातील संत थॉमस जखमेत बोट घातल्याखेरीज विश्वास ठेवायला तयार नव्हता. हा नियंत्रक नेमका त्याच्या उलट, काहीही न पाहता विश्वास ठेवणारा. तेव्हा थॉमसची भूमिका जुळणी करणाऱ्याने घ्यावयाची आणि मल्टिमीटरची टोके हेच त्याचे बोट. तार बरोबर बसली असेल असे मनाशी म्हणणे आणि ती मोजून पाहणे, यांत येथे केवळ एका सुट्या भागाच्या किमतीचा फरक नसतो. फिरते पाते बोटापासून वीतभर अंतरावर असते.

आरंभ मोटरीपासून करावा. साध्या स्टेपर मोटरीतून चार तारा बाहेर येतात आणि आत दोन वेटोळी असतात. कोणत्या दोन तारा एकाच वेटोळ्याच्या, हे रंगावरून ओळखू नये. कारखान्यागणिक रंग बदलतात. मीटरवर जी जोडी काही ओहमांचा रोध दाखवील ती एका वेटोळ्याची. भिन्न वेटोळ्यांतील तारांमध्ये काहीच मार्ग नसतो. मीटर जवळ नसला तरी एक गमतीची युक्ती आहे. मोटर कशालाही जोडलेली नसताना कोणत्याही दोन तारांची टोके एकमेकींना भिडवावीत आणि आस बोटांनी फिरवून पाहावा. तो जड लागला तर जोडी सापडली, हलका फिरला तर दुसरी तार घ्यावी. जोड्या चुकल्या तर मोटर फिरत नाही, नुसती थरथरते. जोड्या बरोबर पण एकीची टोके उलट लागली, तर मोटर उलट दिशेने फिरते. या दुसऱ्या चुकीत काही बिघडत नाही. पहिल्या चुकीचे कारण मात्र पुष्कळ लोक यंत्राच्या सांगाड्यात शोधत बसतात.

मोटर आणि नियंत्रक यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाची टपाल तिकिटाएवढी तबकडी असते. ऊनोवर एक जोडफलक बसतो आणि प्रत्येक अक्षासाठी एक अशा या तबकड्या त्यावर खोचतात. येथे तीन धोके आहेत. पहिला, तबकडी उलटी बसण्याचा. ए ४९८८ आणि डीआरव्ही ८८२५ या दोन प्रचलित तबकड्यांवरील प्रवाह कमी-जास्त करण्याचा पेच परस्परविरुद्ध टोकांना असतो. म्हणून पेचाच्या जागेवरून दिशा ठरविणारा फसतो; फलकावर छापलेली ‘ईएन’ ही खूण आणि तबकडीवरील तीच खूण जुळवून घ्यावी. उलटी बसलेली तबकडी वीज देताच जळते, आणि कधी कधी खालच्या फलकालाही बरोबर घेऊन जाते.

दुसरा धोका प्रवाहाचा, आणि तो अधिक लबाड आहे. ए ४९८८ वरील पेच फिरवून एक संदर्भ-दाब ठरवावा लागतो. त्याचे सूत्र असे, की मोटरीला जितके अँपिअर द्यावयाचे त्यास ८ ने आणि तबकडीवरील मोजणी-रोधाच्या ओहमांनी गुणावे. येईल तितके व्होल्ट. रोध ०.१ ओहमचा असेल तर एका अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट होतात. पण तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या तबकडीवर रोध ०.०५ ओहमचा असतो. तेथे एका अँपिअरला ०.४ व्होल्ट पुरतात, ०.८ ठेवले तर दोन अँपिअर वाहू लागतात. एवढा प्रवाह ही या तबकडीची अगदी शेवटची मर्यादा आहे आणि तीही भरपूर गारवा दिला तरच. ॲल्युमिनियमचा उष्णताशोषक तुकडा न चिकटवता एका अँपिअरपलीकडे जाण्यात शहाणपण नाही. तेव्हा कोणाचा तरी आकडा ऐकून पेच फिरवू नये. रोधावर बारीक अक्षरांत ‘आर १००’ किंवा ‘आर ०५०’ असे लिहिलेले असते, ते भिंग घेऊन वाचावे.

तिसरा नियम तोंडपाठच असावा: वीज चालू असताना मोटरीची तार ड्रायव्हरपासून कधीही सोडवू नये. वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तुटला की दाबाचा झटका उसळतो, आणि त्यात तबकडी मरते. सैल बसलेला जोडही तेच करतो, म्हणून स्क्रूच्या पकडीत जाणाऱ्या बहुतारी वायरीच्या टोकांना डाख देऊ नये. डाख मऊ असल्याने कालांतराने दबतो आणि पकड ढिली पडते. त्याऐवजी टोकावर धातूची छोटी टोपी दाबून बसवावी. जुने वायरमन डाखाचा आग्रह धरतात. इतर ठिकाणी तो योग्य असेलही, येथे नव्हे.

आता हिशेब. मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. तबकडीखालच्या तीनही जागी जंपर बसविले, तर ए ४९८८ प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो. म्हणजे एका फेऱ्याला ३२०० स्पंद झाले. आट्यांचा स्क्रू एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवीत असेल, तर एका मिलिमीटरला ४०० स्पंद पडतात. हा आकडा जीआरबीएलच्या १०० ते १०२ क्रमांकांच्या नोंदींत भरावयाचा असतो. जंपर घालायचे राहून गेले तर? नियंत्रक ४०० स्पंदच धाडील, परंतु त्या मोटरीला मिलिमीटरभर चालायला २५ स्पंद पुरतात. एक मिलिमीटर सरक म्हटले की यंत्र सोळा मिलिमीटर धावू पाहील. आणि ए ४९८८ काढून तेथे डीआरव्ही ८८२५ बसविला, तर तेच तीन जंपर पावलाचे ३२ भाग करतात आणि यंत्र सांगितल्याच्या निम्मेच सरकते. दोन्ही वेळी नियंत्रकाच्या पडद्यावर आकडा मात्र अचूक उमटतो.

लिमिट स्विच, म्हणजे अक्षाच्या टोकाशी बसविलेला खटका, हे या यंत्राचे एकमेव ज्ञानेंद्रिय म्हणावे. त्याची जोडणी दोन प्रकारांनी होते. एकात एरवी मार्ग खुला असतो आणि गाडा खटक्याला लागला की जुळतो. दुसऱ्यात एरवी मार्ग जुळलेला असतो आणि खटका दाबला की तुटतो. पहिली पद्धत सोपी म्हणून सर्वत्र दिसते. पण तिच्यात तार कोठे तुटली तर कोणालाच कळत नाही, आणि गाडा टोकावर आदळेपर्यंत सारे शांत असते. दुसऱ्या पद्धतीत तार तुटणे हीच धोक्याची सूचना ठरते. यंत्र तत्काळ अडते. जीआरबीएलमध्ये पाचव्या क्रमांकाची नोंद १ केली की ही दुसरी पद्धत चालू होते. एवढ्या क्षुल्लक श्रमासाठी पहिली पद्धत पत्करणे हा निव्वळ आळस होय.

याच ठिकाणी आणखी एक जुना खड्डा आहे. जीआरबीएलच्या ०.९ या आवृत्तीपासून कोरणीच्या मोटरीचा वेग कमी-जास्त करण्याची सोय आली, आणि त्यासाठी उभ्या अक्षाच्या खटक्याची जागा व स्पिंडलच्या आज्ञेची जागा यांची अदलाबदल झाली. बाजारात मिळणाऱ्या कित्येक जोडफलकांवर मात्र जुनीच नावे छापलेली असतात. छापलेल्या नावावर विसंबून तार लावली, तर उभ्या अक्षाचा खटका कितीही दाबला तरी नियंत्रकाला त्याचा पत्ता लागत नाही.

खटक्यांच्या तारा स्पिंडलच्या आणि मोटरींच्या तारांना बिलगून नेऊ नयेत. स्पिंडलच्या विजेची खळबळ शेजारच्या लांब तारेत उतरते आणि नियंत्रकाला खटका दाबल्याचा भास होतो. काम निम्म्यावर असताना यंत्र विनाकारण थांबते. पीळ घातलेली, जाळीदार आवरणाची तार घ्यावी, आणि ते आवरण एकाच टोकाला भूमीशी जोडावे.

सर्वांत गंभीर भाग २३० व्होल्टचा. मोटरींना १२ किंवा २४ व्होल्ट पुरविणाऱ्या पेटीवर काही वेळा ११५ व २३० असा सरकता खटका असतो; तो चुकीच्या जागी राहिला तर पेटी क्षणात फुटते. अर्थिंगची तार पेटीच्या आणि यंत्राच्या धातूच्या अंगाशी पक्की जोडलेली हवी, उघड्या स्क्रूंवर झाकण हवे. घरच्या वीजजोडणीची माहिती नसेल तर एवढ्यापुरते जाणत्या वायरमनला बोलावण्यात कमीपणा नाही. लाल छत्रीचे आणीबाणीचे बटण हवेच, आणि त्याने मोटरी व स्पिंडल यांची वीज प्रत्यक्ष तोडली पाहिजे. कित्येकजण ते बटण नियंत्रकाच्या एका टोकाला जोडून समाधान मानतात. तसे बटण नियंत्रकाला थांबण्याची विनंती करते. पण बिघडलेला असेल तर त्याने ती ऐकावी कशी? शिवाय ॲल्युमिनियम कोरताना उडणारा चकचकीत कीस उघड्या फलकावर पडला की दोन टोके जोडून टाकतो. म्हणून फलक झाकलेल्या पेटीतच असावा आणि हवेच्या भोकांना गाळणी असावी.

असे यंत्र बाजारात तयार मिळते, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम उभारला तो हाताने करीत शिकावे या विश्वासाने. आणि संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची फॅब लॅब मॅसॅच्युसेट्सच्या त्या संस्थेबाहेर २००२ साली प्रथम निघाली ती याच खेड्यात. ज्याने तारा स्वतः जोडल्या, त्याला यंत्र बिघडल्यावर कोठे पाहावे हे ठाऊक असते. निमशहरी गावी, जेथे दुरुस्तीवाला हाकेच्या अंतरावर नसतो, तेथे ही जमेची मोठी बाजू आहे.

पहिली वीज देताना घाई नको. प्रथम ड्रायव्हर न बसविता फक्त यूएसबी तार लावावी आणि १,१५,२०० या संदेशवेगाने नियंत्रकाचे स्वागताचे वाक्य पडद्यावर उमटते का पाहावे. या अवस्थेत तो सर्व आज्ञांना होकार देतो, पण मोटरी हलत नाहीत, हे पाहून घाबरू नये; त्यांची वीज वेगळ्या पेटीतून येते. मग वीज बंद करून ड्रायव्हर बसवावेत, पुन्हा वीज देऊन संदर्भ-दाब मोजावा, पुन्हा बंद करून मोटरी जोडाव्यात, तीही एकेक. प्रत्येक खटका बोटाने दाबून नियंत्रक दखल घेतो का हे गाडा हलविण्यापूर्वीच पाहून घ्यावे. आणि पहिल्या दिवशी पाते लावूच नये; त्याच्या जागी शिसपेन्सिल बांधावी आणि कागदावर १०० मिलिमीटर बाजूचा चौरस काढण्यास सांगावे. बाजू दुप्पट अथवा निम्मी आली तर जंपर पाहावेत. बाजू शंभर भरल्या, तर पोलादी पट्टीने दोन्ही कर्ण मोजावेत. प्रत्येक कर्ण १४१.४ मिलिमीटर भरला पाहिजे. एक लांब आणि दुसरा आखूड निघाला, तर नियंत्रकाची पेटी बंद करून ठेवावी आणि पान्हा हाती घ्यावा; सांगाडा काटकोनात नाही.