कळसानंतर बांध
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



सर्वांच्या हातभाराने मंदिराचा जीर्णोद्धार पार पडला. आपल्याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत, १९७५ साली अण्णा हजारे यांनी यादवबाबांचे मंदिर दुरुस्त केले. तेथे गाव एकत्र बसू लागले. दारूबंदी झाली, श्रमदानातून नालाबांध झाले. हिवरे बाजार १९८९ पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने उभे राहिले. तेथे पावसाचा हिशेब मांडून पीक ठरवतात.

मी तालुका कचेरीतला कारकून. गावात एकमत नसले की मंजूर रक्कमही परत जाते, हे पाहिले आहे. कळसासाठी घरटी वर्गणी दिलीत, तसा बांधासाठी घरटी एक दिवस द्यावा, एवढी विनंती करून रजा घेतो.