बाळ कोणत्या वहीत?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं एक साधं यंत्र केलं होतं. लाकडाच्या चौकटीत मणी आणि शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. अक्षरओळख नसलेल्या सुईणीनं घड्याळ उलटं करायचं, बाळाची छाती वर-खाली होताना बघत राहायचं आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, की न्यूमोनिया समजायचा. मला हे यंत्र फार आवडतं. ते बाळाच्या अंथरुणाशी बसून वापरायचं आहे.

पुढे याच मंडळींनी ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी पाठवलं. वजन करणं, ऊब देणं, दूध ओढत नसेल तर आईशेजारी बसणं आणि जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनसुद्धा देणं, ही त्यांची कामं. शेजारची ४७ गावं तुलनेला होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले, शेजारच्या गावांत ते जवळपास होते तिथंच राहिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं आणि २०११ मध्ये केंद्र सरकारनं आशाताईंच्या गृहभेटी सुरू केल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट. घरी झालं तर पहिल्या दिवशीची आणखी एक.

आता आपल्या भिवंडीकडे येऊ. शांतीनगरच्या एका गल्लीत मी आशाताईंबरोबर गेलो होतो. दहा बाय दहाची खोली. रात्रपाळी करून आलेले दोघं भिंतीकडे तोंड करून झोपलेले. बाळंतीण आणि आशाताई कुजबुजत बोलत होत्या. खाली माग खडखडत होते. श्वास डोळ्यांनी मोजायचे असतात हे बरंच, नाहीतर तिथं कानांना काय कळणार! ताईंनी बाळाचं अंगडं वर केलं, घड्याळावर एक डोळा ठेवला. मग म्हणाल्या, “हे बाळ लवकर आलं म्हणून सापडलं. एरवी बाळं येतात तेव्हा चार महिन्यांची असतात.”

सगळी गोम इथं आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर कुणाचं शहापूरला, कुणाचं आझमगडला, पद्मानगरातल्या काहींचं तेलंगणात. गरोदरपणाची नोंद भिवंडीच्या वहीत, बाळ जन्मतं दुसऱ्याच गावात, आणि बेचाळीस दिवस या दोन वह्यांच्या मधे निघून जातात. गडचिरोलीच्या गावात बाळ कुणाच्या घरी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे भाडेकरूच बदलतो. म्हणून माझं म्हणणं असं, की आठव्या महिन्यात गाडीत बसण्याआधीच तिकडच्या आशाताईंचा फोन नंबर बाईच्या कार्डावर लिहिलेला हवा.

आशाताईंच्या मोबदल्याचंही बघा. २०११ च्या नियमांत सगळ्या भेटी मिळून अडीचशे रुपये होते, आणि एक अट अशी, की बेचाळीसाव्या दिवशी आई-बाळ सुखरूप हवेत. म्हणजे बाळ दगावलं तर भेटी देऊनही हात रिकामे. ही अट लिहिणाऱ्यानं एकदा अशा घरी जाऊन यावं.

२०१८ मध्ये तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी आल्या. परतलेली बाळं निदान इथं सापडतात. पण तेव्हा वजनकाट्याबरोबर आणखी काही हवं. जमैकात किंग्स्टनला १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर अभ्यास सुरू केला. काहींच्या घरी दोन वर्षं, आठवड्याला एक तास, कुणीतरी जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवी. खेळणी टाकाऊ वस्तूंची. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई खेळ न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्के जास्त भरली. नुसता पूरक आहार मिळालेल्यांत असा फरक टिकला नाही.

टाकाऊ वस्तूंची आपल्याला काय वाण! सुताचे रिकामे कोन गल्लीगल्लीत पडलेले असतात. त्या खोलीतून निघताना दारात शेजारचं वर्षाचं पोर बसलं होतं. त्यानं एका कोनावर दुसरा चढवला, तिसरा उलटा धरून हट्टानं दाबत राहिलं. आई कांड्या भरत होती. आशाताई उकिडव्या बसल्या आणि तिला म्हणाल्या, “तू सरळ करून देऊ नको. त्यालाच फिरवू दे.”