माउलींच्या पाटाचे पाणी

(नेवासे तालुक्यातील पालक व शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



उपमेय, उपमान, साम्यवाचक शब्द आणि समान धर्म ही उपमेची चार अंगे आपली मुले घडाघडा म्हणून दाखवितात. त्यांना गुणही मिळतात. परंतु उपमा हवीच कशाला, असे विचारले की वर्ग शांत होतो.

उत्तरासाठी दूर जाण्याचे कारण नाही. शके १२१२ मध्ये याच नेवाशात, प्रवरेच्या काठी, माउलींनी गीतेचा अर्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. गीतेचे श्लोक ७००. ज्ञानेश्वरीच्या ओव्या ९ हजारांच्या घरात. या विस्ताराचा मोठा वाटा उपमा-दृष्टान्तांचा आहे. संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्याच्या हाती शास्त्र द्यायचे, तर ते त्याच्या ओळखीच्या वस्तूंतूनच द्यावे लागते.

बारावा अध्याय पाहा. कर्तेपणाचा अभिमान टाकून कर्म कसे करावे? माळी नेईल तिकडे निमूट जाणाऱ्या पाण्यासारखे व्हावे, असे माउली सांगतात. साधक उपमेय, पाणी उपमान, निमूट जाणे हा समान धर्म. ज्याने रात्री दारे धरली आहेत, त्याला याहून अधिक वेदान्त समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्या अध्यायात कोरडे लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो. शूर अर्जुन तसाच स्नेहात अडकला. कीर्तनकार याला दृष्टान्त म्हणतील, व्याकरणाचे गुरुजी ‘जैसा’ हा शब्द दाखवून उपमा म्हणतील. तो वाद आज बाजूला ठेवू. रूपकाची गोष्ट मात्र वेगळी. तेथे ‘सारखा’ उरतच नाही. उपमेय आणि उपमान एकरूप होतात. ग्रंथारंभी माउलींनी समग्र वाङ्मयालाच गणेशाची मूर्ती मानले आहे. अठरा पुराणे हे त्याचे अलंकार, सहा दर्शने हे त्याचे सहा हात. आपली अवघी ज्ञानपरंपरा बालकालाही नमस्कार करता येईल अशा रूपात उभी राहते.

भरतमुनींनी उपमा, रूपक, दीपक आणि यमक हे चारच अलंकार सांगितले होते. पुढे पंडितांनी ती संख्या शंभरावर नेली. घरात मुलांना शिकविण्यास चार पुष्कळ झाले.

माझी चिंता निराळी आहे. आज शेतात ठिबक आले, आणि पाण्याची बचत पाहता ते योग्यच झाले. पण पाट, बारे, दारे हे शब्द मुलांच्या कानांवरून जात नाहीत. ज्याने उपमान पाहिलेच नाही, त्याला उपमा कशी कळणार? ओवी पाठ होईल, अर्थ मात्र टीपेत शोधावा लागेल. अशा टीपा आज पुण्या-मुंबईच्या घरांना लागतात. उद्या प्रवराकाठीही लागतील.

म्हणून विनंती एवढीच. रोज सायंकाळी पाच ओव्या वाचा. त्यांतील उपमान मुलांना ओळखू द्या, आणि ते अनोळखी असेल तर आजोबांना विचारायला पाठवा. शक्य असेल तेथे शेतावर नेऊन दाखवा. दारे धरलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत.