अदा, श्रम आणि अस्मिता

(नाशिक येथील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



शहरी रंगमंचावर आज एकटी नर्तिका उभी राहते आणि देहाच्या भाषेत ‘मी कोण?’ हा प्रश्न विचारते. प्रेक्षक तिकीट काढून प्रयोग पाहतात. प्रयोग संपला की भूमिका संपते आणि नर्तिका सन्मानाने घरी जाते. भूमिका आणि व्यक्ती यांतील हे अंतर आपल्या समाजात सर्वांना सारखे मिळत नाही. ते जात आणि वर्ग पाहून दिले जाते, एवढाच माझा मुद्दा आहे.

बैठकीची लावणी घ्या. कलावती बसल्या जागी एकच ओळ पुनःपुन्हा घेते आणि नजर, मान, हात यांच्या बदलत्या अदांनी दर वेळी तिचा निराळा अर्थ उभा करते. ही एकल नृत्याभिनयाचीच विद्या होय. वाईच्या यमुनाबाईंना (निधन २०१८) २०१२ साली पद्मश्री मिळाली. तरीही कोल्हाटी स्त्रीची अदा हा पुष्कळांना तिचा अभिनय न वाटता तिचा स्वभाव वाटतो. जे श्रम म्हणून दिसतच नाही, त्याचा मोबदला तरी कोण मागणार?

आपल्या पुणे–नाशिक रस्त्यावरील नारायणगावात हंगामात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन यात्रेसाठी सुपारी ठरवतात. हा उघड श्रमाचा बाजार आहे. त्याच गावच्या विठाबाई खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही कथा आपण कौतुकाने सांगतो. बाळंतपणाची रजा नसलेली कामगार स्त्री मात्र त्या कथेत आपल्याला दिसत नाही. २००२ साली त्या विपन्नावस्थेत गेल्या. त्यांच्या नावाचा शासकीय पुरस्कार त्यानंतरचा.

शासनाची दृष्टीही निराळी नाही. २००५ साली महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी घातली. परंतु त्याच कायद्याने तारांकित हॉटेले आणि सभासदांचे जिमखाने यांना मोकळीक दिली. म्हणजे नाच तोच. प्रेक्षक श्रीमंत असला की ती संस्कृती, गरीब असला की अनीती! उच्च न्यायालयाने २००६ साली ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निर्णय कायम केला. समतेचा आणि व्यवसायस्वातंत्र्याचा भंग, हेच त्यामागील कारण होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. या व्यवसायात जात मुलींना जन्मतःच ढकलते. मग त्याला श्रम म्हणून प्रतिष्ठा देणे म्हणजे जातीची बेडीच सोन्याने मढवणे नव्हे काय? आक्षेपातील वस्तुस्थिती मला मान्य आहे. पण बंदीने बेडी तुटत नाही, फक्त रोजी तुटते. बेडी तुटते ती शिक्षणाने, पर्यायी रोजगाराने आणि संघटनेने.

म्हणून फडावरील स्त्रीसाठी लेखी करार, प्रसूतीचे साहाय्य आणि वृद्धापकाळी निवृत्तिवेतन या मागण्या असंघटित कामगारांच्या आपल्या मागणीपत्रकात आल्या पाहिजेत. तिच्या मुलीला नाचण्याचा जितका हक्क आहे, तितकाच न नाचण्याचाही असला पाहिजे. काळारामाच्या दारी १९३० साली झालेल्या सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या या नगरीतील कार्यकर्त्यांनी येत्या यात्रांच्या हंगामात राहुट्यांपर्यंत जाऊन या कामाला आरंभ करावा, एवढी विनंती करून मी थांबतो.