लेकीचं वय आणि आपलं मत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलांच्या रक्षणासाठी कायदा बदलायचा म्हटलं की लोक काय काय बोलतात, याची आपल्या महाराष्ट्राकडे फार जुनी नोंद आहे. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, की पत्नी रखमाबाई नांदायला येत नाही. लग्नाच्या वेळी रखमाबाई ११ वर्षांच्या होत्या. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर ६ महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी २,००० रुपयांवर तडजोड झाली आणि नंतर त्या डॉक्टर झाल्या.

१८९१ मध्ये संमतिवयाचं बिल आलं. १० वर्षांची मर्यादा १२ करायची, एवढाच बदल. कलकत्त्याला फुलमणी नावाची कोवळी पोर नवऱ्याच्या बळजबरीने दगावली होती. आगरकरांनी ‘सुधारका’तून बिलाला पाठिंबा दिला, टिळकांनी ‘केसरी’तून विरोध केला. गंमत अशी, की मुलीचं लग्न १६ वर्षांच्या आत करू नये, असं टिळकांनी स्वतःच सुचवलं होतं. त्यांचा आक्षेप परक्या सरकारने आमच्या घरात हात घालण्याला होता. म्हणजे भांडण वयाचं नव्हतंच, अधिकाराचं होतं.

१९२९ च्या शारदा कायद्याच्या वेळी तेच भांडण आमच्याकडे आलं. शरीयतीत ढवळाढवळ नको, असं उलेमांचं म्हणणं. मौलाना मोहम्मद अली विरोधात गेले, तर बॅरिस्टर जिना कायदेमंडळात बिलाच्या बाजूने उभे राहिले. मुलीचं वय १४ ठरलं. कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० ला अमलात आला. मधल्या ६ महिन्यांत देशभर चिमुकल्यांची लग्नं उरकण्याची झुंबड उडाली, इतकी की १९३१ च्या जनगणनेत ती दिसून आली. त्या धावपळीत हिंदूही होते आणि मुसलमानही. सभेत एकमेकांकडे पाठ करणारे या बाबतीत एकाच वाटेने धावले!

आता १८ चा आकडा आहे. तो १९७८ पासूनचा. २००६ च्या कायद्याने शिक्षा वाढवली. मी मुसलमान, त्यामुळे मला हटकून विचारतात, ‘तुमच्यात काय?’ खरं सांगायचं तर कोर्टांचेही निकाल एकसारखे नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालविवाह रोखण्यासाठी सविस्तर सूचना दिल्या, पण हा कायदा मोठा की व्यक्तिगत कायदा, ते संसदेवर सोडलं. माझं मत विचाराल तर १८ म्हणजे १८, पोर कुणाचीही असो. निकाहात मुलीची कबुली लागते. जिला शाळेच्या सहलीला जायलाही बापाची सही लागते, तिच्या कबुलीला कबुली कसं म्हणायचं? हे मी मोहल्ल्यातही बोलतो. दोन-चार जण नाराज होतात. बहुतेक बाप मान डोलावतात.

पण मान डोलावणं सोपं असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं १८ च्या आत झालेली निघाली. बीड, परभणीत हे प्रमाण जवळपास दुप्पट. धारूर तालुक्यातल्या एका गावात कविसंमेलनानंतर एक ऊसतोड बाई माझ्याशी बोलत होती. मी शहाणपण सांगितलं, ‘ताई, पोरीला शिकू द्या.’ ती म्हणाली, ‘भाऊ, दिवाळी झाली की आम्ही दोघं फडावर. पोरगी १४ ची. घरी ठेवावी तर सासू आंधळी. संगट न्यावी तर कोपीला दार नसतंय. तुम्हीच सांगा, कुठं ठेवू?’

या प्रश्नात धर्म कुठे आहे? उचल घेतलेली, कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागते, आणि लग्न लावलं की एक नवा कोयता उभा राहतो. २०२१ मध्ये मुलीचं वय २१ करण्याचं बिल लोकसभेत आलं तेव्हा शहरातून टाळ्या पडल्या. २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि बिलही बारगळलं. त्या बाईला १८ पर्यंतच निभत नव्हतं.

गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाकडे. ज्या सरपंचासोबत त्याला रोज बसायचं, तेच मांडवात अक्षता टाकायला पुढे. त्याने कुणाकुणाला अडवावं? १०९८ वर फोन केला तर लग्न थांबतं, नाही असं नाही. पण पथक परतल्यावर पोरीचं काय?

समजा लग्न लागलंच. २००६ च्या कायद्याप्रमाणे असं लग्न आपोआप रद्द होत नाही. ते रद्द करायला मुलीनेच जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, तोही १८ पूर्ण झाल्यावर २ वर्षं उलटण्याआधी केव्हाही. तोवर तिच्या कडेवर एखादं मूल असतं. कर्नाटकने २०१६ मध्ये दुरुस्ती करून असं लग्न मुळातच रद्दबातल ठरवलं आणि हे ओझं तिच्या डोक्यावरून काढलं. इतर राज्यांनाही असा बदल करता येईल, पण त्यासोबत हंगामाचे ५-६ महिने मुलीला राहता येईल असं, दाराला आतून कडी असलेलं वसतिगृह लागेल. जवळच्या गावात, आणि टोळ्या निघण्याआधी सुरू होणारं.