लाल सदरा



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होते, त्यांना कर्करोग होता हे आम्हां विद्यार्थ्यांना ते गेल्यावर कळले. तोवर ‘पोटाचा विकार’ एवढेच कानी येई. आमच्या घरीही आजीच्या शस्त्रक्रियेला ‘गाठीचे ऑपरेशन’ म्हणत. खरा शब्द बडोद्याच्या त्या वाड्यात कोणी उच्चारला नाही.

पुढे मी टोरांटोस स्थायिक झाले. २००६ च्या सप्टेंबरात आजी माझ्याकडे असताना टेरी फॉक्स दौड आली. कर्करोगापायी या तरुणाचा उजवा पाय १९७७ मध्ये कापला होता. १९८० साली कृत्रिम पायाने तो १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. रोग फुप्फुसांत पोहोचला तेव्हाच थांबला. पुढच्या वर्षी, अवघ्या २२ वर्षांचा असताना, तो वारला. त्याच्या नावाच्या दौडीत क्रमांक नाहीत, बक्षिसे नाहीत. संशोधनासाठी निधी तेवढा जमतो. रोगातून उठलेले मात्र लाल सदरा घालतात.

“ते लाल कोणाला गं?” आजीने विचारले. मी घुटमळत सांगितले.

“मग मला नको का?”

तिने तो लुगड्यावरूनच चढवला. दोन किलोमीटरांस आम्हांला तासभर लागला. वाटेत तशाच सदऱ्यातील एका वृद्धेने सात बोटे दाखविली. आजीने दोन्ही पंजे उघडले, वर आणखी एक बोट. इंग्रजी लागलेच नाही.

संध्याकाळी तिने बडोद्यास काकांना फोन लावायला लावला. “अरे, मला कॅन्सर झाला होता ना, त्या लोकांत आज चालून आले.”

पलीकडून बराच वेळ काकांचा आवाज आला नाही.